न फोडलेलं देऊळ

१

चुना मुरला की नाही, हे आमच्याकडे जिभेवर टेकवून बघतात. डोळ्याला तो फसवतो, हातालाही फसवतो. जिभेला फसवत नाही. चांगला मुरलेला चुना जिभेला क्षणभर ओढून धरतो आणि सोडतो. कच्चा असला तर चटका देतो. गिलाव्याच्या कामाचा दिवस माझ्या वडिलांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या घरात असाच सुरू होत आला.

त्या सकाळीही मी हौदाच्या काठाशी उकिडवा बसलो, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

चुना उष्टा होता.

दुसरा शब्द मला तेव्हा सापडला नाही, आताही सापडत नाही. कच्चा नव्हता, नासलेला नव्हता. दुसऱ्याच्या तोंडातला घास चुकून आपल्या तोंडात यावा तसा तो लागला. कोमट, बुळबुळीत, किंचित गोड. मी थुंकलो, चूळ भरली आणि पुन्हा थुंकलो.

"काय झालं मामा? भाजलं का?" माझा जावई चिमाल दगडांची टोपली घेऊन चढावर थांबला होता. टोपलीचा पट्टा त्याच्या कपाळात रुतला होता.

"सालपाणी कुणी घातलं आज?"

"मीच घातलं. रोजच्याच झाडाची साल, रात्रभर भिजवलेली. का?"

"हौदात कुणी थुंकलं-बिंकलं नाही ना?"

"थुंकायला तोंडात ओल लागते मामा. पहाटेपासून दगड ओढतोय आम्ही."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "जावईबापूंना काय विचारता? बायकोला विचारल्याशिवाय तो थुंकत पण नाही!" रांग हसली. चिमालही हसला, पण माझ्याकडे न बघता. टोपली सावरून तो वर निघून गेला.

सालीचं चिकट पाणी जास्त झालं असेल, असं मी ठरवलं. चिकट आणि गोड, दोन्ही त्यानेच होतं. पाटीभर चुना ओतून दिला आणि कामाला लागलो. माझं मन तसंही कामावर नव्हतं. माझी बायको नीकते मागच्या वर्षी तापाने गेली. आता घरात माझी म्हणावी अशी एक सासिल होती, माझी लेक, आणि तिचे दिवस भरत आले होते. बायका बाळंतपणात जातात. रोज सकाळी घरातून निघताना मी तिच्याकडे वळून बघत असे आणि आपण असं का बघतो, हे तिला कळू नये म्हणून काहीतरी विसरल्याचं सोंग करत असे.

२

आमच्याकडे जुनं देऊळ पाडत नाहीत. त्याच्यावरच नवं चढवतात. कणसावर जसं पानावर पान असतं, तसा आमचा पायऱ्यांचा डोंगर आहे. आत डोंगर, त्याच्या आत आणखी एक. सर्वांत बाहेरचा तेवढा लोकांना दिसतो. माझ्या आजोबांच्या हातचा गिलावा दोन थर आत आहे, वडिलांचा एक थर आत. जुन्या भिंतीपासून काही हातांवर नवी भिंत उभी करायची, मधल्या जागेत ओबडधोबड दगडांचे कप्पे करायचे आणि कप्प्यांत दगडमाती दडपून भरायची. आमच्याकडे ओझी ओढणारं जनावर नाही. जे काही वर जातं, ते माणसाच्या कपाळावरून जातं.

पण भरण्याआधी फोडावं लागतं. देवळातला अग्नी विझवायचा, कोपरे तोडायचे आणि भिंतींवरच्या मोठ्या मुखवट्यांचे डोळे आणि नाक घणाने फोडायचे. त्याला आम्ही 'सोडणं' म्हणतो. मेलेल्या माणसाच्या तोंडावर वाडगा पालथा घालतात, त्यालाही मध्ये भोक पाडतात. जमिनीखाली धड काही ठेवायचं नाही. का ठेवायचं नाही, हे मी कधी विचारलं नाही. मी लिहा-वाचायला शिकलेला माणूस, भिंतींवर राजांची नावं कोरण्याइतपत. पण जे सगळेच करतात, त्याचं कारण विचारण्याइतकं शिक्षण कुणी देत नाही.

या वेळी काविच हुकूम घेऊन आला. तो कामावरचा मुकादम. आम्ही लहानपणी एकाच डबक्यात पोहलो.

"फोडायचं नाही," तो म्हणाला.

"फोडायचं नाही म्हणजे?"

"म्हणजे फोडायचं नाही. राजाच्या वडिलांचं देऊळ आहे. तू तुझ्या बापाच्या नाकावर घण घालशील का?"

"बाप स्वतःच म्हणाला असता, घाल म्हणून."

"तुझा बाप राजा नव्हता, चुएन. जाड पांढरा थर द्या, नीट गुंडाळून ठेवा आणि मग भरा. पंचांगातला वीस वर्षांचा फेरा संपायच्या आत नवा डोंगर उभा राहिला पाहिजे. आणि माझ्याकडे असं बघू नकोस. मी फक्त सांगतोय."

मग आम्ही ते लालभडक देऊळ पांढऱ्या चुन्यात गुंडाळलं, प्रेताला कापडात गुंडाळावं तसं. दर्शनी भिंतीवर डोंगराचं मोठं मुख होतं, दोन पुरुष उंच, जबडा वासलेलं. ते मी स्वतःकडे घेतलं. आधी ओठ, मग दात, मग आत शिरून टाळू. टाळूवर तळहात फिरवताना हात आत ओढल्यासारखा वाटला. ओल्या चुन्याला ओढ असतेच. मी घाईने बाहेर आलो. त्या तोंडात धारेचे बारके दगड आणि चिखल ठासून भरला आणि वरून थर देऊन ते मिटवून टाकलं.

३

चुना वाळेना.

नेहमी आमचा पातळ थर एका उन्हात पांढरा पडतो. हा जाड होता, मान्य. पण भोवतीचे कप्पे कमरेएवढे भरत आले तरी तो ओलाच होता. सकाळी त्याला घाम फुटलेला असे. हात लावला तर गार लागायला हवा, तो कोमट लागे. आणि नव्या भिंतीच्या फटीतून वारा आला की त्या पांढऱ्या पृष्ठभागावर काटा येई. पिसं काढलेल्या पाखराच्या कातडीसारखे बारीक बारीक उंचवटे उठत, आणि वारा थांबला की बसत.

मी कारणं शोधायचो. लाकूड ओलं आहे. या डोंगरापायी आम्ही जवळची सगळी रानं तोडून भट्ट्यांत घातली होती. आता लांबच्या दऱ्यांतले ओले ओंडके येत. ओल्या लाकडाची भट्टी धुमसते, दगड अर्धेच भाजतात, चुना आळशी होतो. हे खरंच होतं, कुणालाही पटण्यासारखं. पण आळशी चुन्यावर काटा का यावा, याचं उत्तर त्यात नव्हतं.

माश्या येत, थरापासून वीतभर अंतरावर घोंघावत. बसत मात्र नसत.

"वास बघ कसला येतोय," काविच नाकाला फडकं लावून म्हणाला. आंबलेल्या पिठाचा वास होता. "तुझी लेक भट्टीकडे आली होती म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लोक म्हणतात. पोटुशी बाई भट्टीजवळ गेली की चुना नासतो, हे तुला मी सांगायचं?"

"ती घराबाहेर पडत नाही, काविच. परसात जायचं तरी तिला सुईण मावशी धरून नेते."

"मग चुनाच तिच्याकडे जात असेल!" रांगेतला तोच टवाळ ओरडला. या वेळीही सगळे हसले. चिमाल हसला नाही. त्याने खांद्यावरचं फडकं छातीशी ओढून घेतलं, आत काहीतरी झाकल्यासारखं.

४

त्या दिवशी मी लवकर घरी आलो. दारातून आधी आवाज आला. करकर, मध्येच ओलसर, मग पुन्हा करकर.

आमच्यात माणूस गेलं की त्याला घराच्याच जमिनीखाली ठेवतात. नीकतेला मी चुलीच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि वरची जमीन स्वतः गिलावा करून घोटली. रोज त्यावर चटई असते. आज चटई बाजूला होती. सासिल तिथे पाठमोरी बसली होती, हातात नदीतला शिंपला. नीकतेचं डोकं जिथे आहे, तिथे तळहाताएवढा खळगा पडला होता.

"सासिल."

तिने वळून पाहिलं. ओठांना पांढरं लागलेलं. घाबरली नाही, मधाचं पोळं चोखताना सापडलेल्या पोरीसारखी हसली.

"डोहाळे आहेत बाबा. मावशी म्हणाली खाऊ दे."

उकान मावशी, म्हणजे नीकतेची मावशी, आमच्या आळीतली सुईण. ती परातीत चुन्यात भिजलेला मका चोळत होती. दाण्यांवरची सालं सुटून तिच्या बोटांना चिकटत होती.

"चुना काय विष आहे?" ती म्हणाली. "रोजचा मका चुन्यातच भिजतो. तुझ्या बायकोनं हिच्या वेळी चुलीची माती खाल्ली होती, विसरलास? एवढी माती खाल्ली, तेव्हा हे रत्न झालं."

"आईच्या डोक्यावरची जमीन आहे ती, मावशी."

"आई कधी नाही म्हणते का लेकीला?"

सासिलने शिंपला खाली ठेवला. "इथला मला आवडतच नाही. कोरडा लागतो. नुसता वेळ काढायला खाते, हे कामावरून येईपर्यंत."

चिमाल माझ्या मागोमाग आत आला होता. तो दारातच थबकला. मी हात पुढे केला. त्याने फडक्यातून पानाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. आत देवळाचा थर होता. तुकडे नव्हते, कातडीसारखा, गुंडाळी होईल असा सोललेला होता. आणि पानातून हाताला ऊब लागत होती.

"कधीपासून?"

"मी नाही म्हणत होतो मामा. पण ती रडते. रात्र रात्र रडते."

"मी नाही रडत," सासिल म्हणाली. "हे आत... बाबा, सगळ्यांची बाळं लाथा मारतात ना? माझं मारत नाही. चावतं. हे खाल्लं की गप्प होतं."

तिने माझा हात घेऊन पोटावर ठेवला. मी वाट पाहिली. लाथ आली नाही. तळव्याखाली काहीतरी सावकाश उघडलं आणि मिटलं. थांबलं, पुन्हा उघडलं आणि मिटलं. मी हात काढून घेतला. फार पटकन काढला असावा, कारण तिचा चेहरा उतरला. मला किळस आली होती, आणि ती माझ्या लेकीची नाही असं मी मनाशी म्हणत होतो. मग कुणाची, ते म्हणत नव्हतो.

पुडी मी परसात पाळलेल्या पाखरांपुढे फेकली. ती जवळ आली, मान वाकडी करून पुडीकडे पाहिलं आणि मागे सरकली.

५

"कुठून काढतोस, दाखव," मी दुसऱ्या दिवशी चिमालला म्हणालो.

भराव तोवर मुखाच्या गालांपर्यंत आला होता. जुनी भिंत आणि नवा भराव यांच्यात माणूस आडवा होऊन जाईल एवढी एकच फट शिल्लक होती. मशाल पुढे धरून आम्ही तिच्यात उतरलो. दोन्हीकडून भिंती अंगाला लागत होत्या. एक खरखरीत आणि गार, दुसरी ओली आणि कोमट. मी पाठ गार भिंतीला लावून सरकत होतो. तरी पोटाला दुसरी लागतच होती, आणि प्रत्येक श्वासाला ती थोडी जवळ आल्यासारखी वाटे. माझंच पोट फुगत असेल, मी म्हटलं.

"इथून." चिमालने कानाच्या पाळीकडची जागा दाखवली. शिंपल्याने खरवडल्याच्या सरळ रेघा होत्या. "कडेचंच काढलं मी. तोंडापाशी गेलो नाही. शपथ मामा."

मी मशाल तोंडाकडे नेली.

मी मिटवलेल्या ओठांच्या मधे, डाव्या कोपऱ्याशी, अंड्याएवढं भोक पडलं होतं. चुन्याच्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या, ओल्या होत्या आणि पातळ होत होत संपल्या होत्या. बाहेरून खरवडलं तर कडा आत वळते. हे सांगायला कारागीर लागत नाही.

भोकाखाली भरावावर काही दगड पडले होते. मी एक उचलला. मी त्या तोंडात भरले होते ते खाणीतले, धारेचे, हात कापेल असे. हा गोल होता, गुळगुळीत, आणि त्यावर लाळेसारखी तार होती. हातात तो ऊबदार लागला, आत्ताच कुणीतरी तोंडातून काढून ठेवल्यासारखा.

"मामा," चिमाल कुजबुजला, "चला ना वर."

वर उन्हात मी तो दगड काविचच्या हातावर ठेवला. त्याने तो बघितला, टाकून दिला आणि तळहात मांडीला पुसला. मग पुन्हा पुसला.

"नदीतला गोटा आहे," तो म्हणाला.

"मी नदीतले गोटे भरत नाही."

"मग कुणी हमालाने भरला असेल."

"काविच, एकदा आत ये. भोक बघ आणि मग बोल."

"मला नाही बघायचं!" तो ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माणसं त्या फटीकडे जायला तयार नाहीत. पाटीमागे जास्तीचा मका देतोय मी त्यांना. तुला काय वाटतं, मला नाक नाही?"

"मग सोडू दे त्याला. एक घाव. नाकावर, नाहीतर डोळ्यावर. आत अंधारात कोण बघतंय?"

"राजाला कळलं तर पुढचा घाव आपल्या दोघांच्या मानेवर." तो अजून तळहात पुसत होता. "उद्या दुपारी ती फट भरून टाकतो. एकदा बंद झालं की झालं. काही असलं तरी आतच राहील."

"आत राहील," मी म्हणालो, "तीच तर भीती आहे."

त्याला ते कळलं नाही. मलाही पुरतं कळलं नव्हतं. पण माझ्या तळहाताला कालची उघडमीट आठवत होती.

६

सासिलला पहाटे कळा सुरू झाल्या.

ऊन चढेपर्यंत मी परसात बसून होतो. आतून तिचं ओरडणं येई. नंतर ओरडणं थांबलं आणि नुसतं कण्हणं येऊ लागलं. ते ऐकवेना. उकान मावशी बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. तिने ते माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला.

"बाळ येतं आणि परत जातं," ती म्हणाली. "डोकं हाताला लागतं माझ्या. मग आत ओढलं जातं. मी एवढी बाळंतपणं केली, अडलेलं मूल बघितलंय. हे अडलेलं नाही, चुएन. याला धरलंय. सोडत नाही."

"सासिल?"

"ती संपत आलीय रे. दुपारच्या पुढे नाही निघायची."

चिमाल भिंतीला डोकं टेकून उभा होता. मावशी त्याच्यावर खेकसली, "रडतोस काय? पाणी तापव!" आणि ती आत गेली.

मी दगडी घण उचलला. मनात काही ठरवल्याचं आठवत नाही. शिकलेला माणूस म्हणून मला ठाऊक होतं की दगडमातीच्या डोंगराचा आणि माझ्या लेकीच्या पोटाचा काही संबंध नाही. ते ठाऊक असतानाच मी चढत होतो.

हमाल सावलीत बसून मक्याची पेज पीत होते. काविचने मला पाहिलं. माझ्या हातातला घण पाहिला. मग त्याने पाठ फिरवली आणि पाटीतले दगड निरखत बसला.

फट कालच्याहून अरुंद झाली होती. भराव वर आला होता; मुखाचं नाक त्यात पुरतं बुडालं होतं. उजवा डोळाही. डावा डोळा आणि तोंडाचा कोपरा, एवढंच माझ्या हाताशी होतं. मशाल मी दगडांत खोचली. घण उगारायला जागा नव्हती. मी तो दोन्ही हातांनी छातीजवळ धरला.

तोंडाच्या कोपऱ्यातला थर आत गेला आणि बाहेर आला. लहान मुलाने ओठांवर पातळ कापड ओढून घ्यावं तसा. भोक आता मुठीएवढं झालं होतं, आणि मशालीचा उजेड तिरपा आत गेला.

मला वाटलं होतं, आत काही प्रचंड असेल. दात असतील. तसं काही नव्हतं. त्या दोन पुरुष उंच तोंडात, खूप पुढे, भोकाच्या अगदी कडेशी, एक लहानशी गोष्ट हलत होती. दात नसलेल्या गुलाबी हिरड्यांची एक ओळ, माझ्या बोटाएवढी. ती उघडत होती आणि मिटत होती. दगड तिच्यात मावत नव्हता, तरी ती दगडाला लागून होती.

मी डोळ्यावर घाव घातला.

दगड फुटल्याचा आवाज आला नाही. पिकलेलं फळ फुटावं तसा आवाज आला, आणि कोमट पेज माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. दाट, पांढरी, भिजलेल्या मक्याचा आणि अंगावरच्या दुधाचा वास होता तिला. समोरच्या सगळ्या भिंतीवर काटा उभा राहिला. मी दुसरा घाव घालू शकलो नाही. तिथेच ओकलो, माझ्या पायांवर, त्या भिंतीवर, आणि तसाच सरपटत मागे निघालो. मागून मिटक्या मारल्यासारखा आवाज येत होता. मी जे ओकलो, ते तिथे होतं.

वर आलो तेव्हा काविच फटीच्या तोंडाशी उभा होता. माझ्या हाताकडे त्याने पाहिलं नाही.

"झालं?" त्याने विचारलं.

"एकच."

"भरा रे!" तो हमालांवर ओरडला. "चला, उठा, पेज पुरे झाली! भरा!"

७

मी घराशी पोचलो तेव्हा आत बाळ रडत होतं.

सासिल जिवंत होती. चटईवर पडली होती, केस कपाळाला चिकटलेले, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही; पण डोळे उघडे होते आणि ती हसत होती. मी तिच्याजवळ बसलो. तिने माझं बोट धरलं. चिमाल तिच्या पायाशी बसून बायकांसारखा रडत होता आणि मध्येच हसत होता.

"मुलगा आहे बाबा," ती म्हणाली. "एकदम सुटला. कुणी हात सोडावा तसा."

मी परसात जाऊन हात धुतले. राखेने घासले, वाळूने घासले, पुन्हा धुतले. परत आलो तेव्हा उकान मावशीने बाळ घेऊन मला कोपऱ्यात बोलावलं.

"सगळीच पोरं पांढरी माखून येतात," ती हळू म्हणाली. "पुसलं की जातं. याचं जात नाहीये. पाणी झालं, तेल झालं. हे तुझ्या कामातलं दिसतंय. बघ बाबा."

मी नातवाला हातात घेतलं. तो अंगभर पांढरा होता. थर सारखा होता, पातळ, घोटलेला. मी त्याच्या हनुवटीवर अंगठा फिरवला. चिकट आणि कोमट. अंगठ्याला सालपाणी लागलं. मग कोमट पाण्यात बोट बुडवून कडेकडेने थर उचलायला लागलो, जुन्या भिंतीवरचा उचलतात तसा. खालची कातडी लाल होती, माणसाची होती. हनुवटी मोकळी झाली. ओठ आणि नाकपुड्या मोकळ्या झाल्या. उजव्या डोळ्यावरचा थर निघाला, तेव्हा त्याने डोळा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं. काळाभोर डोळा, नीकतेसारखा.

डाव्या डोळ्यावर मी अंगठा ठेवला. थराखाली गोलवा लागला नाही.

मी तेवढा थर ठेवला.

"राहिलं का काही?" मावशीने विचारलं.

"निघेल हळूहळू."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने परात उचलली आणि बाहेर गेली.

बाळ मान फिरवत होतं, वास घेतल्यासारखं. त्याचं तोंड माझ्या मनगटाला लागलं. घासून घासून सोलवटलेल्या त्या जागेला. हिरड्या उघडल्या आणि मिटल्या. ते चोखू लागलं. किती जोर होता एवढ्याशा तोंडात. लांब डोंगरावरून टोपल्या रिकाम्या केल्याचे आवाज येत होते. दगड आत पडले की एक दबका धप्प. मी मोजत नव्हतो. मनगटालाच ते कळत होतं. प्रत्येक धप्प झाला की बाळ गिळत होतं.

माझ्या मनगटातून त्याला काही मिळत नव्हतं. तरी ते गिळत होतं.

"बाबा, द्या ना इकडे," सासिल म्हणाली. तिने पदर बाजूला केला होता आणि दोन्ही हात पसरले होते. "भूक लागलीय त्याला. आवाज ऐका कसा करतोय."

"येतोय," मी म्हणालो. "जरा थांब."

"किती वेळ थांबू? छाती भरून आलीय माझी."

"थांब थोडं. अजून पोट भरलं नाही त्याचं."

ती हसली. म्हातारा नातवाला सोडत नाही, असं चिमालला म्हणाली. मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो आणि मनगट त्याच्या तोंडात आणखी आत दिलं.